बी पेशीशी बोललं कोण? इनेट-लाइक टी पेशींच्या मदतीचा माग कसा काढायचा

इम्युनॉलॉजीच्या पहिल्या वर्षात सगळे एक साखळी पाठ करतात: बी पेशी प्रतिजन पकडते, टी हेल्पर पेशी तिला मदत करते, प्रतिपिंडं तयार होतात. मग प्रयोगशाळेत पाय ठेवला की पहिल्याच जर्नल क्लबात एनकेटी, मेट, गॅमा-डेल्टा ही मंडळी, म्हणजे खूण दिसताच झटपट धावणाऱ्या ‘इनेट-लाइक’ टी पेशी, भेटतात, आणि त्याही बी पेशींना मदत करतात असं कळतं. त्यातच एका पेपरात ही मदत सहा दिवसांत विरून जाते, तर दुसऱ्यात महिनोन् महिने टिकते. नवखा माणूस इथे गांगरतो.

हा लेख एमएस्सीच्या किंवा पीएचडीला नुकत्याच लागलेल्या मुलामुलींसाठी आहे. माझं म्हणणं एवढंच की प्रत्येक पेपर वाचताना आणि प्रत्येक प्रयोग आखताना पहिला प्रश्न एकच विचारावा: ही टी पेशी बी पेशीशी थेट बोलली, की मधल्या कुणामार्फत? उत्तर मिळालं की प्रतिपिंडं किती लवकर येतील, कोणत्या वर्गाची असतील आणि स्मृती मागे राहील का, याचा बराचसा अंदाज आधीच बांधता येतो.

पायरी १: आधी नेहमीची वाट पक्की करा

बी पेशी तिच्या रिसेप्टरने प्रतिजन पकडते, आत ओढते, त्याचे तुकडे करते आणि प्रथिनांचे छोटे तुकडे एमएचसी वर्ग २ या रेणूवर मांडून बाहेर दाखवते. फॉलिक्युलर हेल्पर टी पेशी, म्हणजे टीएफएच, तो तुकडा ओळखते. मग दोघींचा स्पर्श होतो: टी पेशीवरचा सीडी४० लिगँड बी पेशीवरच्या सीडी४०ला भिडतो, जोडीला इंटरल्यूकिन-२१ आणि इंटरल्यूकिन-४ ही सायटोकाइन, म्हणजे पेशींमधले निरोप नेणारी प्रथिनं, मिळतात. इथून बी पेशीपुढे दोन रस्ते असतात. एक, फॉलिकलच्या, म्हणजे लसिकाग्रंथीतल्या किंवा प्लीहेतल्या बी पेशींच्या वस्तीच्या, बाहेर जाऊन झटपट प्लाझ्माब्लास्ट, म्हणजे प्रतिपिंडं ओतणारी पेशी, व्हायचं. दुसरा, जर्मिनल सेंटरमध्ये, म्हणजे फॉलिकलमध्ये उभ्या राहणाऱ्या बी पेशींच्या तालमीत, शिरायचं. तिथे एड नावाचं एन्झाइम प्रतिपिंडाच्या जनुकात मुद्दाम चुका करतं आणि त्यातून घट्ट चिकटणारे वाण निवडले जातात. प्रतिपिंडाचा वर्ग बदलण्याचं कामही इथेच चालतं असं जुन्या पुस्तकांत असतं. २०१९पासून मात्र ते बरंचसं जर्मिनल सेंटर उभं राहण्याआधीच उरकतं असं मानलं जातं. परीक्षेत काय लिहायचं ते तुमच्या सरांना विचारा.

या वाटेवरची सर्वांत महत्त्वाची अट म्हणजे बी पेशीने पकडलेला भाग आणि टी पेशीने ओळखलेला भाग एकाच कणावर असावे लागतात. ते वेगवेगळे असतील तर बी पेशीला टी पेशीपुढे मांडायला काही उरत नाही. लशींच्या दुनियेत याचं उत्तम उदाहरण न्यूमोकोकसचं आहे. या जीवाणूचं कवच साखरेच्या लांब साखळ्यांचं असतं. बी पेशी ती साखर ओळखते, पण नुसती साखर एमएचसीवर मांडून टी पेशी बोलावता येत नाही. म्हणून दोन वर्षांखालच्या बाळांत नुसत्या साखरेची लस जवळपास निरुपयोगी ठरते. उपाय म्हणून साखरेला प्रथिन जोडतात. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची डिसेंबर २०२० मध्ये भारतात आलेली न्यूमोसिल ही लस याच जातीची आहे: दहा प्रकारच्या न्यूमोकोकसच्या साखरा आणि त्यांना जोडलेलं सीआरएम१९७, म्हणजे घटसर्पाच्या विषाचं विषारीपणा गेलेलं रूप. बी पेशी साखर धरते, तिच्यासोबत प्रथिन आत जातं आणि त्या प्रथिनाच्या तुकड्यावर टी पेशी येते.

हे उदाहरण डोक्यात पक्कं बसवा. पुढच्या सगळ्या प्रकरणात आपण फक्त त्या प्रथिनाच्या जागी दुसरं काहीतरी बसवणार आहोत.

पायरी २: तिघी कोण आहेत, आणि त्या काय पाहतात

नेहमीच्या टी पेशींत प्रत्येकीचा रिसेप्टर वेगळा असतो, आणि पहिल्या भेटीनंतर ती वाढून कामाला लागायला बरेच दिवस जातात. इनेट-लाइक टी पेशींचं तसं नसतं. त्यांच्यातल्या एकेका गटातल्या पेशींचे रिसेप्टर जवळपास एकसारखे असतात, त्या थायमसमधून अर्धं प्रशिक्षण घेऊनच बाहेर पडतात, आणि खूण दिसली की काही तासांत सायटोकाइन ओततात. एनकेटी आणि मेट पेशींच्या या तयारीमागे पीएलझेडएफ हा नियंत्रक असतो.

इन्व्हेरिएंट एनकेटी, म्हणजे आयएनकेटी, हिच्यावर थोडं जास्त थांबू, कारण बी पेशींना होणाऱ्या मदतीचं सर्वांत स्वच्छ काम तिच्यावर झालं आहे. ही पेशी सीडी१डी या रेणूवर मांडलेलं लिपिड ओळखते. उंदरात तिच्या रिसेप्टरची अल्फा साखळी व्हीअल्फा१४-जेअल्फा१८ असते, माणसात व्हीअल्फा२४-जेअल्फा१८. तिला जागं करणारं सगळ्यात प्रसिद्ध लिपिड एका समुद्री स्पंजातून मिळालं. जपानच्या ओकिनावाजवळच्या समुद्रातल्या अॅजेलास मॉरिशियानस या स्पंजात उंदरांच्या गाठी आटवणारे ग्लायकोलिपिड सापडले, किरिन या बिअर कंपनीच्या औषध संशोधकांनी त्यावरून अल्फा-गॅलॅक्टोसिलसेरामाइड बनवलं, आणि ते आयएनकेटीचं खाद्य आहे हे १९९७ मध्ये मासारू तानिगुची यांच्या गटाने दाखवलं. प्रयोगशाळेत त्याला सगळे ‘अल्फा-गॅलसेर’च म्हणतात. स्पंजाशी आपला काय संबंध, हा प्रश्न रास्त आहे. स्फिंगोमोनास, लाइम रोगाचा बोरेलिया आणि न्यूमोकोकस या जीवाणूंतही आयएनकेटीला जागं करणारी लिपिडं पुढे सापडली.

मेट पेशी एमआर१ या रेणूवर पाहते, आणि तिची खूण आणखी हुशारीची आहे. कित्येक जीवाणू आणि यीस्ट रायबोफ्लेविन, म्हणजे जीवनसत्त्व बी-२, स्वतः बनवतात. आपल्याला ते बनवता येत नाही. त्या घडणीतल्या अर्धवट रेणूपासून तयार होणारा ५-ओपी-आरयू मेट पेशीला दिसला, की जवळपास कुणीतरी सूक्ष्मजीव राबतो आहे हे तिला कळतं. हा धागा २०१२ ते २०१४ या काळात ऑस्ट्रेलियातल्या गटांनी उलगडला.

तिसरी गॅमा-डेल्टा. माणसाच्या रक्तात यांतला मुख्य प्रकार व्हीगॅमा९-व्हीडेल्टा२. क्षयाचा जीवाणू, ई. कोलाय, हिवतापाचा परजीवी यांच्यात तयार होणारा एचएमबीपीपी हा छोटा फॉस्फेटयुक्त रेणू एखाद्या पेशीत शिरला, की त्या पेशीवरची ब्युटिरोफिलिन कुळातली प्रथिनं बदलतात आणि या पेशीला खबर लागते.

पायरी ३: कागदावर दोन वाटा काढा

खरंच कागद घ्या. डावीकडे बी पेशी, उजवीकडे आयएनकेटी, मध्ये जागा सोडा.

पहिली वाट थेट. समजा प्रतिजनाला अल्फा-गॅलसेर रासायनिक बंधाने जोडलेलं आहे. बी पेशी रिसेप्टरने प्रतिजन धरते, दोन्ही एकदम आत जातात, आणि लिपिड सीडी१डीवर चढून पृष्ठभागावर येतं. बी पेशींवर सीडी१डी असतोच, प्लीहेतल्या मार्जिनल झोनच्या बी पेशींवर तर भरपूर. आता आयएनकेटी थेट बी पेशीवरच बसते आणि सीडी४० लिगँड, इंटरफेरॉन-गॅमा, इंटरल्यूकिन-२१ देते. न्यूमोसिलमध्ये सीआरएम१९७ जे काम करतं तेच इथे लिपिड करतं, फक्त मदतीला येणारी पेशी बदलली. २००८ मध्ये उंदरांत हे दाखवलं गेलं. २०१२ मध्ये तर असं दिसलं की मदतीला आलेल्या काही आयएनकेटी टीएफएचसारखाच वेश घेतात: सीएक्ससीआर५ आणि पीडी-१ पृष्ठभागावर, बीसीएल६ आत. त्यांना आयएनकेटीएफएच म्हणतात.

आता निकाल नीट पाहा, कारण सगळी मेख इथे आहे. फॉलिकलबाहेर प्लाझ्माब्लास्टचा मोठा लोंढा येतो. आयजीएम आणि सुरुवातीचं आयजीजी आठवड्याभराच्या आत दिसतं. जर्मिनल सेंटरही उभी राहतात, पण छोटी, आणि लवकर मोडतात. प्रतिपिंडांची चिकटण्याची ताकद फारशी वाढत नाही. दीर्घायुषी प्लाझ्मा पेशी आणि स्मृती पेशी जवळपास बनतच नाहीत. दुसरा डोस दिला तर नेहमीची उसळी येत नाही.

दुसरी वाट मार्फतीची. इथे प्रथिन आणि अल्फा-गॅलसेर न जोडता नुसतं मिसळून टोचलं जातं. लिपिड डेंड्रायटिक पेशीच्या, म्हणजे टी पेशींना प्रतिजन दाखवणाऱ्या पेशीच्या, सीडी१डीवर चढतं. आयएनकेटी तिला सीडी४० लिगँडने ढोसते, डेंड्रायटिक पेशी इंटरल्यूकिन-१२ सोडते, तिचे सहउत्तेजक रेणू वाढतात, आणि ती नेहमीच्या सीडी४ टी पेशींना जोरकसपणे तयार करते. त्यांतून टीएफएच बनतात आणि बी पेशीला मदत त्या करतात. आयएनकेटीने इथे काम केलं ते सहायकाचं, लशीतल्या अॅडज्युवंटसारखं, म्हणजे प्रतिसाद वाढवणाऱ्या घटकासारखं. या वाटेने मोठी जर्मिनल सेंटर, चिकटण्याची वाढती ताकद आणि टिकाऊ स्मृती, तिन्ही मिळतात.

म्हणून “एनकेटीने प्रतिपिंडं वाढवली” हे वाक्य वाचून पुढे जाऊ नका. कोणत्या वाटेने वाढवली?

एक गोष्ट मात्र आधीच सांगून ठेवतो. कागदावर या वाटा वेगळ्या दिसतात, उंदरात त्या मिसळतात. नुसतं मिसळून टोचलेल्या प्रथिनाच्या प्रयोगांतही बी पेशींवर सीडी१डी असावा लागतो असं २००८ मधलंच एक काम सांगतं. बी पेशी मोकळं लिपिडही उचलते, त्यामुळे दोन्ही संवाद एकाच वेळी चालू शकतात.

आणि तिसरी तऱ्हा २०१८ मध्ये पुढे आली, ती मला वैयक्तिकरीत्या सगळ्यात देखणी वाटते. फ्लूच्या विषाणूची लागण झालेल्या उंदरांच्या लसिकाग्रंथीत आयएनकेटी पेशी फॉलिकलच्या कडेला जमतात. तिथे मॅक्रोफेज पेशी त्यांना सीडी१डी दाखवतात आणि इंटरल्यूकिन-१८ देतात. तिसऱ्या दिवसाच्या आसपास, टीएफएच अजून धड तयारही झालेल्या नसताना, या आयएनकेटी इंटरल्यूकिन-४ची पहिली लाट सोडतात, आणि तिच्याशिवाय जर्मिनल सेंटरची सुरुवात कमकुवत होते. इथे बाहेरून टोचलेलं लिपिड नाही, रासायनिक जोडणी नाही. योग्य जागी, योग्य वेळी सोडलेलं एक सायटोकाइन एवढंच.

पायरी ४: पेपरातल्या आकृत्यांना काय विचारायचं

पहिलं, सीडी१डी कुठून काढला? अख्ख्या उंदरातून काढला असेल तर थेट वाट की मार्फतीची, हे सांगता येत नाही, कारण बी पेशीवरचाही गेला आणि डेंड्रायटिक पेशीवरचाही. शिवाय आयएनकेटी थायमसमध्ये घडतातच सीडी१डीवर, म्हणजे त्या मुळात नाहीतच. खरा पुरावा हवा तर मिश्र अस्थिमज्जेचे उंदीर हवेत. किरणोत्सर्गाने मज्जा रिकामी केलेल्या उंदरात बहुतांश मज्जा बी पेशी न बनवू शकणाऱ्या जातीची घालतात आणि थोडी सीडी१डी नसलेल्या जातीची. मग त्या उंदरातल्या सगळ्या बी पेशी सीडी१डीविना असतात, बाकीच्या बहुतेक पेशींवर तो असतो. अशा उंदरात प्रतिपिंडं कोसळली तर थेट संवाद हवा होता असं म्हणता येतं. आकृतीत हे नसेल तर लेखकांचा निष्कर्ष थोडा सैल धरा.

दुसरं, आयएनकेटी नसलेला उंदीर कोणता वापरला? जेअल्फा१८ काढलेली जुनी जात कित्येक वर्षं सर्रास वापरली गेली. २०१२ मध्ये लक्षात आलं की तिच्यात जेअल्फा१८च्या वरच्या बाजूचे जेअल्फा तुकडेही नीट वापरले जात नाहीत, म्हणजे बाकीच्या टी पेशींचा संचही तोकडा आहे. मेट पेशींचा जेअल्फा३३ त्याच बाजूला येतो. नंतर नव्या, स्वच्छ जाती आल्या. जुन्या पेपरांना यामुळे रद्दीत टाकायचं कारण नाही, पण कोणती जात होती ते पद्धतींच्या भागात उघडून बघा.

तिसरं, रक्त कितव्या दिवशी काढलं? फक्त सातव्या दिवसाचा आलेख दाखवला असेल तर थेट वाट फार शूर दिसते. महिन्याभरानंतरचं आणि दुसऱ्या डोसनंतरचं मोजमाप शोधा. एनपी हा छोटा रेणू वापरला असेल तर एलायझा (प्रतिपिंडं मोजायची चाचणी) दोन प्लेटांवर केलेला आहे का पाहा: एकीवर एनपी विरळ चिकटवलेला, दुसरीवर दाट. विरळ प्लेटवर फक्त ताकदीची प्रतिपिंडं टिकतात, दाट प्लेटवर सगळीच. दोन्हींच्या आकड्यांचं गुणोत्तर म्हणजे चिकटण्याच्या ताकदीचा अंदाज. ते आठवड्यागणिक वाढत नसेल तर जर्मिनल सेंटरमध्ये फारसं काही घडलेलं नाही.

पायरी ५: मेट आणि गॅमा-डेल्टाकडे थोडं सावधपणे

इथला पुरावा नवा आणि विरळ आहे, म्हणून मी भरभर पुढे जातो. मेट पेशींबद्दलचा पहिला लक्षवेधी धागा ढाक्यातल्या कॉलराच्या रुग्णांत मिळाला. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या कामात रुग्णांच्या मेट पेशी सातव्या दिवशी चांगल्याच जाग्या झालेल्या दिसल्या, आणि त्यांच्या प्रमाणातला बदल कॉलरा जीवाणूच्या लिपोपॉलिसॅकराइडविरुद्धच्या आयजीए आणि आयजीजीशी जुळत होता. कॉलराच्या विषातल्या प्रथिनाविरुद्धच्या प्रतिपिंडांशी मात्र जुळत नव्हता. साखरयुक्त प्रतिजनाला नेहमीची टी मदत मिळत नाही हे पायरी १मधलं आठवत असेल, तर हा फरक का बोलका आहे ते कळेल. तरी हे जुळणं आहे, कारण नव्हे. पुढे प्रयोगशाळेत मानवी मेट पेशींच्या स्रावाने बी पेशी जास्त प्रतिपिंडं बनवताना दिसल्या, आणि २०२२ मध्ये टॉन्सिलमध्ये सीएक्ससीआर५ असलेल्या, टीएफएचसारख्या मेट पेशींचं वर्णन आलं. मेट पेशी डेंड्रायटिक पेशींना ढोसून टीएफएच वाढवतात, म्हणजे मार्फतीची वाटही चालवतात, असंही उंदरांतल्या नाकावाटे दिलेल्या लशींच्या कामातून दिसतं.

गॅमा-डेल्टाची गोष्ट जुनी आहे. १९९४च्या सुमारास अल्फा-बीटा, म्हणजे नेहमीच्या रिसेप्टरच्या, टी पेशी मुळीच नसलेल्या उंदरांतही आयजीजी१, आयजीई आणि स्वतःच्याच शरीराविरुद्धची प्रतिपिंडं सापडली, आणि त्यामागे गॅमा-डेल्टा होत्या. माणसाच्या व्हीगॅमा९-व्हीडेल्टा२ पेशींना एचएमबीपीपीसोबत इंटरल्यूकिन-२१ दिलं तर त्या सीएक्ससीआर५ चढवतात आणि बी पेशींना मदत करू लागतात. स्वतःविरुद्धची प्रतिपिंडं हा तपशील विसरू नका. ही मदत नेहमी भल्याचीच असते असं नाही.

पायरी ६: उंदीर म्हणजे माणूस नव्हे, इथे तर अजिबातच नव्हे

उंदराच्या यकृतात लिम्फोसाइट पेशींपैकी २० ते ३० टक्के आयएनकेटी असू शकतात. माणसाच्या रक्तात त्या टी पेशींच्या साधारण ०.०१ ते ०.१ टक्के, आणि एका माणसापासून दुसऱ्या माणसापर्यंत हा आकडा शंभरपटींनीही बदलतो. मेटचं बरोबर उलट: माणसाच्या रक्तात टी पेशींच्या १ ते १० टक्के, यकृतात त्याहून खूप जास्त, आणि प्रयोगशाळेतल्या नेहमीच्या उंदरांत अगदी तुरळक. व्हीगॅमा९-व्हीडेल्टा२ तर उंदरात नाहीतच. सीडी१ कुळातला उंदराकडे फक्त सीडी१डी, माणसाकडे सीडी१ए, बी, सीसुद्धा. त्यामुळे अल्फा-गॅलसेरने उंदरात जोरदार प्रतिपिंडं आली म्हणून माणसाच्या लशीत ते घातलं की झालं, असा हिशेब करू नका.

पायरी ७: स्वतः हात घालणार असाल तर

आयएनकेटी ओळखायला अल्फा-गॅलसेर किंवा पीबीएस-५७ हे त्याचं भावंड भरलेला सीडी१डी टेट्रामर (चार रेणू एकत्र जोडलेलं, रंग लावलेलं आमिष) वापरा, मेटसाठी ५-ओपी-आरयू भरलेला एमआर१ टेट्रामर. फक्त एनके१.१ ही एनके पेशींची खूण आणि टी पेशीची खूण एकत्र दिसली म्हणून तिला आयएनकेटी म्हणू नका. बाल्ब-सी उंदरात एनके१.१ची नेहमीची अँटिबॉडी चालतही नाही. रिकाम्या सीडी१डी टेट्रामरची नळी शेजारी हवीच, मेटसाठी ६-एफपी (मेटला जागं न करणारा रेणू) भरलेल्या एमआर१ची. आणि बी पेशी प्लॉटमधून आधी बाहेर काढा. टेट्रामर त्यांना उगाच चिकटतो, आणि तुम्ही बी पेशींवरच काम करत असाल तर या चुकीने अख्खा निकाल वाहून जातो.

फ्लो सायटोमीटरवर, म्हणजे पेशी एकेक करून मोजणाऱ्या यंत्रावर, बसण्याआधी गणित करा. माणसाच्या रक्तात ०.०५ टक्के आयएनकेटी धरल्या तर एक लाख टी पेशींत जेमतेम ५० सापडतील. ५० ठिपक्यांवर सीएक्ससीआर५चं टक्केवारीचं विधान करता येत नाही. दहा लाख टी पेशी नोंदवा, म्हणजे ५०० मिळतील.

उंदराला अल्फा-गॅलसेर टोचल्यावर पहिल्या दिवशी प्लीहा काढली तर आयएनकेटी गायब झाल्यासारख्या दिसतात. त्या मेलेल्या नसतात, रिसेप्टर आत ओढून घेतलेला असतो, म्हणून टेट्रामर चिकटत नाही. तिसऱ्या दिवशी त्याच पेशी वाढलेल्या दिसतील. उलट, त्याच उंदराला थोड्या दिवसांनी पुन्हा मोकळं अल्फा-गॅलसेर दिलं तर त्या सुस्तावतात आणि पुढचे काही आठवडे धड प्रतिसाद देत नाहीत. दुसऱ्या डोसमध्ये लिपिड घालायचं की फक्त प्रथिन, हे त्यामुळे प्रयोग सुरू होण्याआधी ठरवावं लागतं.

हे लिपिड पाण्यात नीट विरघळत नाही. फ्रीजमधून काढलेली नळी गढूळ असेल किंवा तळाशी कण दिसत असतील तर पुरवठादाराच्या कागदावर लिहिलेल्या तापमानाला गरम करून सोनिकेट करा, म्हणजे ध्वनिलहरींनी हलवा, पूर्ण स्वच्छ झाल्यावरच सुईत भरा. नाहीतर पहिल्या उंदराला एक डोस जाईल आणि पाचव्याला दुसराच. आणि नियंत्रण गटाला नुसतं सलाइन नको, ज्या द्रावणात लिपिड विरघळवलं तेच द्रावण, त्याच प्रमाणात द्या.